पट्टी अजून कापू नकोस

सतरंजीवर स्टेनलेस स्टीलची एक वाकवलेली पाटी पडली होती. शेजारी नायलॉनची काळी पट्टी, दोन इंच रुंद आणि साडेतीन मीटरहून थोडी लांब. पाच डी-रिंगा, मूठभर स्लायडर, धातूचं एक बक्कल. मी शिवणाची टेप गळ्यात अडकवून बसले होते. आई सोफ्यावर मेथी निवडत माझ्याकडे बघत होती. फोनवर भाचा सांगत होता, "मावशी, बाकी काहीही कर, पण पट्टी अजून कापू नकोस. पाण्यात तीन-चार डाइव्ह होऊ देत. मग काप."

तेव्हा मी ते नुसतं ऐकलं. आज कुणी विचारलं, की पहिली बॅकप्लेट आणि विंग घ्यायची आहे, कुठली घेऊ, तर मी आधी हेच सांगते. कंपनीचं नाव फार नंतर येतं.

ज्यांनी कधी स्कूबा केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाण्याखाली जाताना आपण पाठीवर सिलिंडर बांधतो आणि अंगात एक जाकीट घालतो, बीसीडी. त्यात हवा भरली की वर यायला मदत होते, काढली की खाली जाता येतं. अंग एरवी तरंगतं, म्हणून बुडायला कमरेच्या पट्ट्यावर शिसं बांधतात. शिकवणीत आणि भाड्यानं मिळतं ते हेच जाकीट. बॅकप्लेट-विंगमध्ये त्याच जाकिटाचे तीन तुकडे केलेले असतात. पाठीला टेकणारी धातूची पाटी, अंगाला बांधायची पट्टी म्हणजे हार्नेस, आणि पाटी व सिलिंडरच्या मधे बसणारी हवेची पिशवी म्हणजे विंग. पोटावर, कुशीत, छातीवर पट्टीखेरीज काहीच नाही. तिन्ही भाग वेगवेगळे विकत मिळतात, वेगवेगळे बदलता येतात. पाटीवरच्या बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर जगभर एकच, ११ इंच, त्यामुळे एका कंपनीची पाटी दुसरीच्या विंगवर बसते.

मी या वाटेला वळले ती नेत्राणीमुळे. मुरुडेश्वरहून होडीनं सुमारे १९ किलोमीटर आत समुद्रात हे बेट आहे. तारकर्लीला शिकून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझी उंची पाच फूट एक इंच. ज्यांच्याबरोबर गेले होते त्यांच्याकडे माझ्या मापाचं जाकीट शिल्लक नव्हतं, म्हणून मोठं दिलं. पाण्यात उडी मारली, हवा भरली, आणि मी होते तिथेच राहिले. जाकीट तेवढं वर सरकलं. खांद्यांवरून कानांपर्यंत. हनुवटी कॉलरमध्ये अडकली, पोटाच्या पट्ट्यानं बरगड्या आवळल्या, आणि लाटा तोंडावर येत होत्या. खाली गेल्यावर दुसरंच सुरू झालं. पाय सारखे खाली जायचे, मी उभी व्हायचे, आणि पुढे सरकायला फिन (पायात घालायचं वल्हं) मारली की वर उचलली जायचे. वर जाऊ नये म्हणून जाकिटातली हवा काढायचे. हवा काढली की जड व्हायचे. जड झाले की बुडू नये म्हणून आणखी जोरात फिन. इतरांच्या सिलिंडरमध्ये ९० बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हवा शिल्लक असताना माझी संपत आली. माझ्यामुळे दोघांना वर यावं लागलं.

होडीवर मी कोपऱ्यात बसले. मला वाटलं, आपल्याला हे जमणारं नाही. वय, दम, पोहणं, कशात तरी आपण कमी पडतोय.

पुढच्या हिवाळ्यात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, एका प्रशिक्षकानं माझे दोन डाइव्ह मागून बघितले. वर आल्यावर त्यानं वहीत एक आडवी रेघ काढली. रेघेच्या एका टोकाकडे फुगा काढला, मधे एक चौकोन. "हा फुगा म्हणजे तुमची फुप्फुसं. हा चौकोन म्हणजे कमरेचं शिसं. फुगा छातीला वर ओढतो, शिसं कमरेला खाली. सांगा, आडवं कोण राहील?" एवढंच. दम आणि वय याचा त्यात काही संबंध नव्हता. माझं वजन चुकीच्या जागी बांधलेलं होतं, आणि ते प्रमाणाबाहेर होतं. पट्ट्यावर मी सात किलो शिसं घेऊन फिरत होते. त्यातला एक किलो नुसता त्या जाकिटाच्या आतल्या फोमला बुडवायला लागत होता आणि दोन किलो माझ्या भीतीला. नवखा माणूस पाण्यात छाती भरून श्वास घेतो आणि तो पुरता सोडत नाही, म्हणून तो बुडत नाही, म्हणून त्याला आणखी शिसं देतात. पहिल्या दिवशी दिलेलं ते जास्तीचं शिसं मग परत काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं मला स्वतःची बॅकप्लेट हातात दिली. धातू गार होता. मी ती पाठीला लावून बघितली आणि पहिल्यांदा कळलं की वजन मणक्याच्या दोन्ही बाजूंना, बरोबर फुप्फुसांच्या मागे येतं. फुगा आणि वजन एकाच जागी. जी गोष्ट आपल्याला वर ओढते तिच्याच पाठीवर हात ठेवल्यासारखं.

या मांडणीचं घर फ्लोरिडाच्या उत्तरेला आहे. तिथे जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे आणि त्यात पाण्यानं भरलेल्या गुहा, मैलोन्‌मैल. सांता फे नदीकाठचं जिनी स्प्रिंग्ज त्यातलंच. भाचा गेनसव्हिलला शिकायला गेला तेव्हा शनिवार-रविवारी तिथे जायचा आणि मला फोटो पाठवायचा. काचेसारखं निळं पाणी, वर्षभर २२ अंशांच्या आसपास. पण त्या गुहांच्या तळाशी आणि कडेकपारीत अतिशय बारीक गाळ बसलेला असतो. एक फिन चुकीची लागली की तो उठतो, आणि मग स्वतःचा हात दिसत नाही. गुहेत सरळ वर येता येत नाही, डोक्यावर दगड असतो. आलो त्याच वाटेनं, दोरी धरून, बाहेर. तिथे उभं पोहणारा माणूस स्वतःबरोबर मागच्यांचाही जीव धोक्यात घालतो. १९७९च्या सुमारास ग्रेग फ्लॅनगन यांनी गुहेत डाइव्ह करणाऱ्यांसाठी अशी पाटी बनवली. पुढे विल्यम होगार्थ मेन यांनी त्यातलं अनावश्यक एकेक काढून टाकलं, म्हणून त्या शैलीला त्यांच्या मधल्या नावावरून होगार्थियन म्हणतात. मधे मोडतील अशी प्लास्टिकची बक्कलं नकोत, म्हणून एकच अखंड पट्टी. लोंबकळणारं काही नको, कारण लोंबकळणारं दोरीत अडकतं. १९९८मध्ये जॅरड जॅब्लॉन्स्की यांनी ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स ही संस्था काढली आणि गुहेतली ही शिस्त मोकळ्या समुद्रात उतरणाऱ्यांनाही शिकवली जाऊ लागली.

गुहेतल्या लोकांची वस्तू मला कशाला, असं मी भाच्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "मावशी, मालवणच्या पाण्यात काय दिसतं तुला?" त्याचं खरं होतं. मालवणला चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर दिसतं, एरवी तीन-चार. तळाला बारीक रेती आणि गाळ. पाय खाली असलेला एक माणूस पुढे गेला की मागच्या चौघांना तपकिरी धुराशिवाय काही दिसत नाही. मी कित्येकदा तो पुढचा माणूस होते.

तर मग खरेदी. इथे मी पहिली चूक केली ती विंगची, आणि ती बहुतेक सगळे करतात.

विंगची उचल पौंडांत सांगतात. जितकी जास्त उचल तितकं सुरक्षित, असं कुणालाही वाटेल. मला एका ओळखीच्या डायव्हरनं त्याची जुनी विंग स्वस्तात देऊ केली. चाळीस पौंडांहून जास्त उचल, उत्तम स्थितीत. मी विकत घेण्याआधी एक दिवस मागून घेतली, हे नशीब. ती दोन सिलिंडर शेजारी-शेजारी बांधणाऱ्यांसाठी केलेली होती. माझ्या एकट्या सिलिंडरवर तिच्या दोन्ही कडा वर वळल्या आणि त्याला पुरणाच्या करंजीसारख्या मिटल्या. हवा वरच्या घडीत अडकायची, बाहेर काढायला गेले की निघायची नाही, आणि मी कुशी बदलली की घोळक्यानं एका बाजूला जायची. पाण्यात आपण वळायच्या आधी आपल्या पाठीवरचं काहीतरी वळतं, ही भावना फार अस्वस्थ करणारी आहे.

मग हिशेब मांडला. विंगला दोनच कामं जमायला हवीत. एक, पाण्याच्या पृष्ठभागावर मी हार्नेसमधून बाहेर आले तर पाटी, भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) हे सगळं माझ्याशिवाय तरंगलं पाहिजे. माझ्या बाबतीत हे ओझं पाण्यात जेमतेम सहा किलो भरतं. दुसरं, डाइव्हच्या सुरुवातीला, खोल असताना, मी जितकी जड असेन तितकं तिनं पेललं पाहिजे. यात दोन गोष्टी येतात. सिलिंडरमधल्या हवेला वजन असतं, हे आपण विसरतो. आपल्याकडे सगळीकडे मिळणारा अॅल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की त्यात अडीच किलोंहून थोडी जास्त हवा असते, आणि ती आपण श्वासागणिक टाकून देत असतो. म्हणून भरलेला असताना तो सिलिंडर पाण्यात पाऊण किलोनं बुडतो आणि रिकामा होत आला की पावणेदोन-दोन किलोनं तरंगू लागतो. दुसरी गोष्ट वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख. वर असताना तो आपल्याला उचलतो, खोल गेल्यावर दाबानं चेपतो आणि त्याची उचल जाते. तीन मिलिमीटरच्या सुटात हे दीड किलोपेक्षा कमीच असतं. सगळं मिळून चार किलो. म्हणजे २५ ते ३० पौंडांची, साधारण ११ ते १३ किलो उचलणारी विंग माझ्यासाठी भरपूर झाली. थंड समुद्रात जाड सूट घालणाऱ्यांना यापेक्षा जास्त लागेल, तो त्यांचा हिशेब त्यांनी मांडावा. पण मांडावा जरूर. मी गोल कड्याच्या आकाराची, एका सिलिंडरसाठीची विंग घेतली. कडं असलं की हवा डावी-उजवीकडे सहज फिरते, आणि तिच्यात सिलिंडरचे पट्टे ओवायच्या खाचा असल्यानं वेगळा अॅडॅप्टर लागला नाही.

पाटी वापरलेली घ्यायला काहीच हरकत नाही. स्टीलला काय होणार? विंग वापरलेली घेत असाल तर ती गच्च फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी हात लावून बघा. मगच पैसे द्या.

स्टील की अॅल्युमिनियम, यावर मात्र मी महिनाभर अडले. दिसायला दोन्ही सारख्या. स्टीलची पाटी पावणेतीन किलोंच्या आसपास, अॅल्युमिनियमची एक किलोलाही थोडी कमी. पाण्यात पहिलीचं वजन सव्वादोन किलोंहून थोडं जास्त लागतं, दुसरीचं अर्धा किलो. इथे विमान आडवं येतं. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला जाताना साध्या तिकिटावर १५ किलो सामान नेता येतं. त्यात फिन, रेग्युलेटर, सूट, आणि वर हे पावणेतीन किलो. शिसं तर प्रत्येक डाइव्ह सेंटरवर फुकट मिळतं, मग पुण्याहून लोखंड कशाला न्यायचं? हा युक्तिवाद बिनतोड आहे आणि ज्यांचं डायव्हिंग मुख्यतः विमानानं जाऊन होतं त्यांनी अॅल्युमिनियमच घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. परदेशात स्टीलचे सिलिंडर मिळतात तिथे तर स्टीलची पाटी धोक्याची ठरू शकते. स्टीलचा सिलिंडर रिकामा झाला तरी बहुधा तरंगत नाही; पातळ सूट, जड सिलिंडर, वर जड पाटी, आणि विंग फाटली तर टाकून द्यायला अंगावर काहीच नाही. पोहत वर येणं कठीण.

पण मी वर्षातून एकदा अंदमानला जाते आणि सहा वेळा मालवणला, गाडीनं. आणि मला ते दोन किलो कमरेवरून काढून पाठीवर न्यायचेच होते. मी स्टीलची घेतली, आखूड धडासाठी करतात ती लहान मापाची. नेहमीच्या पाटीची खालची कड माझ्या कमरेच्या हाडावर टेकत होती. भाच्यानं डिसेंबरात येताना ती आणली.

आता परत सतरंजीवर येते.

पट्टी ओवणं दिसतं तितकं सोपं नाही. खांद्याच्या खाचेतून वर काढायची, पुढे आणायची, डी-रिंग ओवायची, तिला धरून ठेवायला स्लायडर, मग कुशीतून मागे, कमरेच्या खाचेतून परत पुढे. नवी पट्टी ताठ असते. स्लायडरमधून ती ढकलताना माझ्या अंगठ्याच्या नखाखाली रक्त आलं. डी-रिंग कुठे यावी याचं एक चांगलं माप आहे: दोन्ही हात कोपरात दुमडून अंगठे सहज छातीला लावायचे, जिथे टेकतात तिथे. डोळे न वळवता हात तिथे गेला पाहिजे. मी टेपनं डावी-उजवी बाजू सारखी मोजली, बांधली, उभी राहिले, आणि उजवा खांदा आवळला. आठ महिन्यांपूर्वी माझा तो खांदा आखडला होता. अजून पूर्ण वर जात नव्हता. सारखं माप माझ्या अंगाला सारखं नव्हतंच.

आईनं मेथीचं ताट बाजूला ठेवलं. "उठ, इकडे ये. सैल सोड खांदे. तू शिपायासारखी उभी राहतेस नि माप घेतेस, मग कसं व्हायचं?" तिनं मागून पट्टी धरली, दोन बोटं आत घातली, मग चार. "हात वर कर. आता वाक. आता बस." चाळीस वर्षं तिनं घरी शिवण केलं आहे. तिला पाणी, सिलिंडर, गुहा यातलं काही माहीत नव्हतं, पण कापड अंगावर कसं चालतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. खांद्याच्या पट्ट्या सैल ठेवायच्या, हे मला फ्लोरिडाचे लोक सांगत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता. आईनं तेच केलं. वजन खांद्यांनी पेलायचंच नसतं, पाण्यात ते विंग पेलते; खांद्याच्या पट्ट्या पाटीला फक्त जागेवर ठेवतात.

मग मी मागून दोन पायांमधून पुढे येणारा पट्टा घेतला, कमरेच्या पट्ट्यात अडकवला आणि बक्कल लावलं. हा पट्टा नसता तर सगळं पुन्हा कानांपर्यंत चढलं असतं, नेत्राणीसारखं. आई बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर काष्टा."

मी तिच्याकडे बघितलं. "माझी आई नऊवारी नेसून भात लावायची," ती म्हणाली. "गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून. कधी सुटली नाही, कधी पायात आली नाही. काष्टा नीट बसला की लुगडं हलत नाही. आणि कापलेलं-शिवलेलं काही नाही हो त्यात. तेच नऊ वार माझ्या आईला, तेच आजीला. आई केवढी ठेंगणी होती!"

मला लहानपणीची आजी दिसली, उंबऱ्यात उभी राहून निऱ्या खोचणारी. टोक दाताखाली धरून, हातांनी मोजून, एका अंदाजानं. तिला कुणी एस, एम, एल विचारलं नव्हतं. मला जन्मभर दुकानांत आणि डाइव्ह सेंटरांवर माझ्या मापाचं नाही असं ऐकायची सवय झाली होती. इथे माप असं नव्हतंच. एक लांब पट्टी होती आणि ती ज्याच्या अंगावर जाईल त्याची होणार होती. उजवी बाजू डावीपेक्षा दोन सेंटिमीटर सैल ठेवली की माझी झाली.

एका गोष्टीत मी होगार्थियन मंडळींचं ऐकलं नाही. अखंड पट्टीत मधे बक्कल नको, असा त्यांचा आग्रह आहे आणि गुहेत तो योग्यच असेल. पण हार्नेसमधून बाहेर पडताना कोपर पट्टीखालून काढावं लागतं, आणि मालवणच्या लहान होडीवर चढण्याआधी सगळं पाण्यातच काढून वर द्यावं लागतं. माझा खांदा त्याला तयार नव्हता. मी उजव्या बाजूला चांगल्या प्रतीचं एक सुटणारं बक्कल बसवलं. पंधरा-वीस मीटर पाण्यात, डोक्यावर मोकळं आकाश असताना, एका बक्कलानं काही बिघडत नाही. शिस्त ज्या कारणासाठी जन्मली ते कारण आपल्याला लागू आहे का, हे बघायला हवं. कमरेचं बक्कल मात्र त्यांनी सांगितलं तसंच मधोमध न ठेवता जरा उजवीकडे घेतलं, म्हणजे पायातल्या पट्ट्याच्या रिंगेला अडकून ते चुकून उघडत नाही.

पहिला प्रयोग पुण्यातल्या एका पोहण्याच्या तलावात केला. गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं, त्यामुळे तलावातलं शिसं समुद्रात पुरत नाही. माझं आणि सगळ्या सामानाचं मिळून वजन ऐंशी किलोंच्या घरात. त्याच्या अडीच टक्के, म्हणजे समुद्रात दोन किलो जास्त लागतील, हे धरून चालले. तलावात मी पाटीवरच, शून्य शिशानं, बुडाले. शून्य! सात किलोंपासून शून्यावर. तलावाच्या तळाशी निळ्या फरशांवर मी आडवी झाले आणि पाय खाली गेले नाहीत. वाट बघितली. गेले नाहीत.

जानेवारीत मालवण. ज्यांच्या होडीतून मी पहिल्या वर्षापासून जाते ते काका आता सत्तरीला आले असतील. मी सामान जोडत असताना त्यांनी येऊन पाटीवर बोटानं टकटक केलं. "बाय, ह्यां काय गो पाठीर बांधलंस?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि सिलिंडर धरायला हात पुढे केला.

त्या दिवशी पाणी फारसं स्वच्छ नव्हतं. पाच मीटर दिसत असेल. दोन किलो शिसं, तेही सिलिंडरच्या पट्ट्यावर, कमरेला काही नाही. पहिल्या डाइव्हला मी फक्त चुका शोधल्या. डावी डी-रिंग एक बोट खाली हवी होती. इन्फ्लेटरची, म्हणजे विंगमध्ये हवा भरायची नळी लांब होती आणि खडकाला लागत होती. पायातला पट्टा उभं असताना बरोबर वाटला होता, आडवं झाल्यावर आवळला; हे घरी उभं राहून कळत नाही. आणि कमरेची पट्टी! खाली गेल्यावर सूट चेपला आणि ती सैल झाली. ओढून घ्यायला टोक शिल्लक होतं म्हणून ओढता आली. घरी मोजून कापली असती तर हातात काहीच आलं नसतं.

दुसऱ्या डाइव्हच्या शेवटी वजनाची खरी परीक्षा घेतली. सिलिंडरमध्ये ५० बार, चार मीटरवर, विंग पूर्ण रिकामी, नेहमीसारखा श्वास. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. थांबले तिथेच राहिले. माझ्याखाली खडकाची एक कपार होती, तिच्यात तांबोशीची चार पिल्लं एका दिशेला तोंड करून थांबलेली. तळाची रेती माझ्या छातीपासून फूटभर खाली असेल. मी पोटऱ्या वर दुमडून बेडकासारखी एक फिन मारली, पुढे सरकले आणि मान खाली घालून दोन पायांच्या मधून मागे बघितलं. रेती जिथल्या तिथे होती. पिल्लंही हलली नव्हती.

मी किती वेळ तशी होते ते सांगता येणार नाही. माझ्या जोडीदारानं मनगटावरचं कॉम्प्युटर दाखवून खूण केली तेव्हा वर आले. पन्नास मिनिटं झाली होती.

वर होडीशी आल्यावर उजवं बक्कल सोडलं, कोपर काढलं, आणि विंग फुगवून सगळं सामान पाण्यावर सोडून दिलं. ते माझ्याशिवाय तरंगलं. काकांनी वाकून सिलिंडरला हात घातला, वर ओढलं, आणि मी शिडीवरून मोकळ्या अंगानं चढले. खांदा दुखला नाही.

तिसरा डाइव्ह दुसऱ्या दिवशी निवतीच्या खडकांकडे, चौथा तिसऱ्या दिवशी. पाण्यात दोन वेळा थांबून पट्टी सरकवली, परत आल्यावर जिथे जिथे स्लायडर स्थिरावले होते तिथे पांढऱ्या दोऱ्याचा एकेक टाका घातला. आईनं बॅगेत दिलेल्या सुईदोऱ्यातलाच. टाके घालेपर्यंत पट्टी मऊ झाली होती आणि खारट वास धरू लागली होती.

पुण्याला येऊन सगळं दोनदा गोड्या पाण्यातून काढलं, गच्चीत वाळवलं. रात्री भाच्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. "चार झाले," मी म्हटलं. "काप मग," तो म्हणाला, "पण तिरकी काप, म्हणजे बक्कलात पटकन जाते. आणि हातभर ठेव. पुढे जाड सूट घेशील कधीतरी."

आईनं कपड्याची मोठी कात्री आणली. मी खडूनं तिरकी रेघ मारली, आई म्हणाली, "अजून चार बोटं सोड," म्हणून चार बोटं पुढे दुसरी मारली आणि कापली. देवघरातून काडेपेटी आणून कापलेलं टोक पेटत्या काडीवर धरलं. नायलॉनचे धागे आक्रसले, वितळून एक झाले, जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. गरम असतानाच काडेपेटीच्या कडेनं दाबून ते टोक चपटं केलं. उरलेला वीतभर तुकडा आईनं उचलला, दोन्ही बाजूंनी ओढून बघितला आणि तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवून दिला.